जिनिव्हाची परिषद आणि हॉटेलचे आगाऊ पैसे

मी पुण्यात २६ वर्षं कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात वकिली करते, बहुतेक वेळा कामगारांच्या बाजूने. एप्रिल २०२५ मध्ये, जूनमध्ये जिनिव्हात भरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय कामगार कायदा परिषदेच्या नावाखाली माझे, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या इचलकरंजीच्या एका कामगार कार्यकर्त्याचे, मिळून सव्वादोन लाख रुपये गेले. अशी परिषद भरणारच नव्हती. बरेच महिने मी हे जवळच्या मोजक्या माणसांपलीकडे आणि तक्रारीपलीकडे कुणाला सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये नागपूरहून एक फोन आला आणि गप्प बसणं किती महाग पडतं ते कळलं.

फेब्रुवारीत ई-मेल आला. विषय होता सीमेपलीकडचे कामगार आणि रोजगार कायदा. सोबत चार पानांचा कार्यक्रम. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात कामावर पाठवलेल्या कामगारांचे हक्क, घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा करार क्रमांक १८९, ॲपवर काम करणारे डिलिव्हरीवाले आणि टॅक्सीचालक, आखाती देशांतली कफाला पद्धत, म्हणजे कामगाराचा व्हिसा मालकाच्या हाती बांधणारी व्यवस्था, अशी सत्रं होती. तारखा ४ ते ७ जून. या क्षेत्रातल्या कुणालाही ते पटलं असतं, कारण दरवर्षी जूनमध्ये जिनिव्हात आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, वार्षिक परिषद खरोखर भरते. २०२५ ची परिषद ११३ वी होती, २ ते १३ जून. ॲपवरच्या कामाचे नियम हा तिच्या विषयपत्रिकेवरचा मोठा विषय होता. खऱ्या परिषदेच्या सावलीत ही खोटी परिषद उभी केली होती. पत्रावर पत्ताही आयएलओचं मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याचा.

पण मी फसले ती त्या कार्यक्रमामुळे नाही. त्यांनी माझा लेख वाचला होता.

कोविडच्या काळात, मे २०२० पासून, सरकारने सोडलेल्या वंदे भारत विमानांनी आखातातून हजारो माणसं परत आली. रत्नागिरीची, सांगलीची, मराठवाड्यातली काही माझ्याकडेही आली. कुणाचा चार महिन्यांचा पगार अडकलेला, कुणाची दहा वर्षांची ग्रॅच्युइटी. तो देश सोडला की तिथल्या कामगार खात्यात स्वतः उभं राहता येत नाही. मुखत्यारपत्र करायचं, ते साक्षांकित करून घ्यायचं, तिथे वकील शोधायचा, आणि हे होईपर्यंत मुदत संपते. दुसरीकडे, १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर संयुक्त अरब अमिरातीच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट भारतात बजावता येतो. म्हणजे दुबईच्या बँकेला परत आलेल्या माणसावर इथे दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येते, पण त्या माणसाला त्याचा पगार वसूल करायला तितकी सरळ वाट नाही. हे मी एका वकिली मासिकात लिहिलं होतं. दोन-तीन मित्रांचे फोन आले, बाकी शांतता.

आता जिनिव्हाहून ‘परीक्षण समिती’ विचारत होती की उलट्या दिशेच्या वसुलीसाठी तुम्ही कोणती व्यवस्था सुचवाल, नमुना मुखत्यारपत्र चालेल का, कामगार देश सोडण्याआधी दूतावासातच ते करून घेता येईल का. प्रश्न नेमके होते. मी दोन रात्री बसून उत्तर लिहिलं. आपलं म्हणणं कुणीतरी मनापासून ऐकतंय या भावनेला किती किंमत असते, हे मला त्या आधी माहीत नव्हतं.

मग निवडीचं पत्र आलं. विमानाचं तिकीट, नोंदणी शुल्क, रोजचा भत्ता, सगळं प्रायोजकांकडून. आम्ही भरायचं ते फक्त चार रात्रींचं हॉटेल, कारण आयएलओच्या परिषदेमुळे जूनमध्ये जिनिव्हात खोल्या मिळत नाहीत आणि व्हिसासाठी राहण्याची पावती लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जूनमध्ये खोल्या महाग होतात, आणि स्वित्झर्लंडला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या कागदांत राहण्याचा पुरावा मागतातच. एका खोलीचे ११८० युरो.

‘प्रत्यक्ष कामगारांत काम करणारा एक प्रतिनिधी सोबत आणता येईल,’ असंही त्यात होतं. मी इचलकरंजीच्या अण्णांना फोन केला. अण्णा यंत्रमाग कामगारांत ३० वर्षं काम करतायत. त्यांनी मुंबई-दिल्लीपलीकडे काही पाहिलेलं नाही. कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, ते त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. फोनवर मी म्हटलं, “अण्णा, जोशी गेले होते तशा परिषदेच्या गावाला जायचंय.” ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ताई, तुम्ही म्हणताय म्हणजे बघूनच म्हणत असणार की. पैशाचं मी बघतो.” त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. मला ते नंतर कळलं.

तीन जागी मला थांबता आलं असतं.

पहिल्यांदा माझ्या ज्युनिअरने विचारलं. ती पुण्याहून जर्मनीत पाठवल्या जाणाऱ्या इंजिनिअरांचे भविष्यनिर्वाह निधीचे कागद बघते. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे ईपीएफओकडून, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडून, कव्हरेज सर्टिफिकेट घेतलं की दोन्हीकडे पैसे भरावे लागत नाहीत. म्हणजे परदेशी कागद तपासायची तिला रोजची सवय. ती म्हणाली, “मॅडम, यांची मागच्या वर्षीची परिषद कुठे झाली? कुणी काय बोललं, काही सापडत नाहीये.” मी म्हटलं, पहिलीच असेल. तिने पुन्हा विषय काढला नाही. मी तिला काढू दिला नाही, असं म्हणणं जास्त खरं आहे.

दुसऱ्यांदा बँकेत. परदेशी पैसे पाठवायचा अर्ज बघून तिथला अधिकारी म्हणाला, “मॅडम, पत्र स्वित्झर्लंडचं आहे, पण खात्याचा नंबर एलटीने सुरू होतोय. म्हणजे लिथुआनिया. स्विस खातं सीएचने सुरू होतं.” खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं, हॉटेलच्या नाही. मी ई-मेल करून विचारलं. दहा मिनिटांत उत्तर आलं की ते आमच्या प्रवास भागीदाराचं खातं आहे. त्या दहा मिनिटांतल्या उत्तराने मला दिलासा वाटला. ४ एप्रिलला मी दोन खोल्यांचे २३६० युरो पाठवले. अण्णांनी त्यांचे पैसे आदल्या दिवशी माझ्या खात्यात टाकले होते.

तिसरी गोष्ट रोज डोळ्यांसमोर होती. त्यांचा व्हॉट्सॲपवरचा नंबर ४४ ७० ने सुरू होत होता. स्वित्झर्लंडचा कोड ४१ आहे. ४४ ब्रिटनचा, आणि तिथले ७० ने सुरू होणारे नंबर असे असतात की त्यांच्यावर आलेला फोन जगात कुठेही वळवता येतो. आज हे मला पाठ आहे, तेव्हा मी बघितलंही नाही.

२२ एप्रिलला दुसरी मागणी आली. प्रत्येकी १५०० युरो, ‘व्हिसा हमी अनामत’, भारतात परतल्यावर परत मिळेल. ‘हमी अनामत’ हे शब्द वाचून माझे हात गार पडले, कारण ते मी माझ्या ऑफिसात शेकडो वेळा ऐकलेत. आखातात जायला निघालेला मुलगा समोर बसतो आणि सांगतो की एजंट म्हणाला नोकरी फुकट, तिकीट फुकट, फक्त मेडिकलचे भर. मग फक्त स्टॅम्पिंगचे. मग अनामत. मी त्यांना सांगते की कायद्याने परवानाधारक एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, पैसे खासगी खात्यात टाकू नका. आयएलओचा १९९७ चा करार क्रमांक १८१ तर म्हणतो की कामगाराकडून शुल्क घेऊच नये. मोठी गोष्ट फुकट दाखवायची आणि छोट्या गोष्टीचे पैसे आधी घ्यायचे, हा डाव मला नवा नव्हता. माझ्याकडे तो वकिली इंग्रजीत आणि लेटरहेडवर आला, म्हणून मी ओळखला नाही.

त्या रात्री मी एका ज्येष्ठ मित्राला फोन केला. ते केंद्रीय कामगार संघटनेच्या शिष्टमंडळातून जिनिव्हाला जाऊन आलेत. त्यांनी जे सांगितलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. आयएलओच्या परिषदेला प्रत्येक देश चार प्रतिनिधी पाठवतो, दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, सोबत सल्लागार. नावं सरकारकडून जातात. जोशीही १९१९ मध्ये सरकारने नेमलेले म्हणूनच गेले होते. पैसे भरून तिथे कुणी प्रतिनिधी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तीन कामं केली. पैसे पाठवण्याआधी करायची होती ती. हॉटेलच्या खऱ्या नंबरवर, म्हणजे पत्रातल्या नव्हे, मी स्वतः शोधून काढलेल्या नंबरवर फोन केला. हॉटेल खरं होतं, आमच्या नावाने खोली नव्हती, त्या परिषदेचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. आयएलओला त्यांच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेल केला. असा कार्यक्रम आमच्याशी संबंधित नाही, असं उत्तर आलं. आणि ज्युनिअरने त्या वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं ते काढलं. मला पहिला ई-मेल येण्याच्या सात आठवडे आधी.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली, बँकेला पैसे परत बोलावण्याचा संदेश पाठवायला लावला. पैसे जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. खातं रिकामं होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड लावून गुन्हा नोंदला गेला. पुढे काही हललेलं नाही. पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर खातं गोठवण्याची शक्यता असते, आणि तीही मुख्यतः पैसे देशातच फिरत असले तर. म्हणून संशय आला त्याच क्षणी फोन करा, खात्री पटायची वाट बघू नका.

मी इचलकरंजीला गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. वहिनींनी चहा ठेवला. त्यांचे पैसे मी पाकिटात घालून नेले होते. त्यांनी पाकीट हातात घेतलं नाही. शेवटी पतसंस्थेत जाऊन मी त्यांच्या कर्जखात्यात भरणा करून आले. त्यावर ते माझ्याशी दोन महिने नीट बोलले नाहीत. त्यांच्या मते नुकसान दोघांचं होतं, ते मी एकटीने उचलून त्यांना परकं केलं. कदाचित त्यांचं बरोबर असेल.

वकील मित्रांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खऱ्या व्यावसायिक परिषदा शुल्क घेतातच, कधी भरपूर. त्यामुळे पैसे मागितले म्हणजे खोटं, असा नियम नाही. पण त्या शुल्काची पावती संस्थेच्या नावाने मिळते, मागच्या वर्षांचे वक्ते शोधता येतात, त्यांना पत्र लिहिता येतं, आणि सभागृह ज्या विद्यापीठात किंवा हॉटेलात आहे तिथे विचारलं तर आरक्षण सापडतं. अनोळखी माणसाला विमानाचं तिकीट फुकट देऊन खोलीचं भाडं मात्र तिसऱ्याच देशातल्या खासगी खात्यात मागणारी खरी परिषद मी तरी पाहिलेली नाही. आणि पासपोर्टची प्रत पाठवू नका. मी पासपोर्ट पाठवला, बार कौन्सिलची सनद पाठवली, फोटो पाठवला.

त्याचीच परतफेड म्हणजे ऑगस्टमधला तो फोन. नागपूरचे एक वकील, ओळख नाही. म्हणाले, “मॅडम, नोव्हेंबरच्या परिषदेला तुम्ही बोलणार आहात ना? तुमचं नाव बघून मीही अर्ज केला. हॉटेलचे पैसे आजच भरतोय, म्हटलं एकदा तुम्हाला विचारावं.” त्यांनी मला कार्यक्रमाचा कागद पाठवला. परिषदेचं नाव बदललेलं, शहर लिस्बन. दुसऱ्या ओळीत तिसरा फोटो माझा. खाली माझ्या लेखाचा विषय, माझ्याच शब्दांत.

त्यांचे पैसे वाचले. त्यांनी फोन केला म्हणून. बाकी किती जणांनी तो फोटो बघून पैसे भरले, हे मला कधीच कळणार नाही. तक्रारीत मी तो कागद जोडला आहे आणि बार असोसिएशनच्या फलकावर सूचनाही लावली आहे. फोटोत मी काळ्या कोटात आहे, मागे पुस्तकांचं कपाट दिसतं. तो फोटो असलेलं कुठल्याही परिषदेचं निमंत्रण तुमच्याकडे आलं तर पैसे भरू नका. मी कुठेही बोलायला जाणार नाहीये.