फौजदाराच्या बायकोलाही मोफत वकील मिळतो: कसबा बावड्याचा आमचा अनुभव

आमचे दाजी फौजदार होते. 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यात त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना होडीत उचलून घेतलं, गावानं हार घातले. त्याच हातांनी आक्काचं मनगट मोडलं. ती फोनवर किती मिनिटं बोलली, दूधवाल्यापाशी किती वेळ थांबली, हे ते पोराला विचारायचे.

वर्दीतल्या माणसाची तक्रार द्यायची तरी कुठं? एका ठाण्यात आम्हाला चहा पाजून ‘साहेबांच्या घरचं आहे, मिटवून घ्या’ म्हणून परत पाठवलं. मग माझ्या ब्लाऊजच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलातल्या, म्हणजे कोर्टाच्या आवारातल्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगितलं. मला वाटलं, मोफत वकिलाला पिवळं रेशनकार्ड लागणार, फौजदाराच्या बायकोला कोण उभं करणार? पण 1987 च्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही. अर्ज दिला, आधारची झेरॉक्स जोडली, वकीलबाई मिळाल्या. एक रुपया घेतला नाही.

त्या बाईंनी पहिल्या दिवशी दीड तास नुसतं ऐकून घेतलं. आक्का सारखी म्हणायची, “राग नसला की ते चांगले आहेत हो.” बाईंनी ते खोडलं नाही. एवढंच विचारलं, “राग आलेल्या दिवसांच्या तारखा आठवतात?” अकरा निघाल्या. आक्का स्वतःच गप्प झाली.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज गेला. मारहाणीला मनाई, राहत्या घरात राहायचा हक्क आणि खर्चाची रक्कम. ही रक्कम पगारातून परस्पर द्या, असं कोर्ट नोकरी देणाऱ्याला सांगू शकतं, हे मला तिथंच कळलं. तसा आदेश झाला आणि दर महिन्याला दाजींपुढं हात पसरायचं थांबलं. त्या दिवशी आक्का दोन वर्षांनी पोटभर जेवली. 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, पण तेवढ्यात होईल असं धरून जाऊ नका.

पुढं एका पोरसवदा शिपायानं आक्काला पावसात स्टँडवरून घरी सोडलं, तर दाजींनी भर ठाण्यात त्याला पट्ट्यानं मारलं. निलंबन, खात्याची चौकशी, मग बडतर्फी. पगार थांबला, तेव्हाही वकीलबाईंनी हात सोडला नाही, नवा अर्ज केला. घराचा आदेश आजही कायम आहे.

जाणार असाल तर तारखा वहीत लिहून न्या आणि सरकारी दवाखान्याचा (आमच्याकडं सीपीआरचा) केसपेपर जपून ठेवा. घराबाहेर पडता येत नसेल तर विधी सेवेच्याच 15100 या मदत नंबरावर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत. आक्का आता माझ्या दुकानात काजं करते. तो नंबर तिनं मापाच्या टेपशेजारी भिंतीवर लिहिलाय. माप द्यायला आलेल्या दोघींनी आत्तापर्यंत तो उतरवून घेतलाय.