समुपदेशक की अल-अनॉन?

नवरा पितो आणि झोप उडते बायकोची. तिने जायचं कुठे?

समुपदेशकाकडे पाऊणएक तास फक्त तिचा असतो. कर्ज, संशय, मुलाचं घाबरणं, जे चारचौघांत जिभेवर येत नाही ते तिथे निघतं. गोळ्यांची गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं जातं. फी मात्र बहुतेक ठिकाणी दर खेपेला मोजावी लागते.

अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची संघटना, १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेली. फी नाही, ज्याला जमेल तसं तो देतो. आडनाव कुणी विचारत नाही. गटाच्या बैठकीत एक बोलते, बाकीच्या ऐकतात. मध्येच तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. (आपल्याकडे हे जमणं म्हणजे कमालच!) आणि मग समोरची सहज म्हणते, 'मीपण बाटल्या मोरीत ओतायचे.' वर्षानुवर्षं पोटात ठेवलेली लाज तिथे हलकी होते. हे काम पदवीने होत नाही. स्वतःला सावरण्यासाठी गट ज्या बारा पायऱ्या सांगतो, त्यांतला ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो, तेवढं सोडून द्यावं.

माझं मन गटाकडे झुकतं. पण घरात हात उचलला जात असेल तर ११२ लावावा, आणि जीव नकोसा झाला असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. तो मोफत आहे, रात्रीही चालतो.