कनकेश्वराच्या पायऱ्या आणि कुलाब्याची ओहोटी: आठ महिने एकच सँडल

आश्विनात घेतलेली ही सँडल आता वैशाखात आठ महिन्यांची झाली. एवढ्या काळात ती सहा वेळा एकाच वाटेने गेली. सकाळची पहिली लाँच पकडून गेटवेहून मांडवा, अलिबागच्या बसमधून कनकेश्वर फाट्याला उतरायचं, कनकेश्वराच्या देवळाचा डोंगर चढून यायचं, दुपारी अलिबागला समुद्रातला कुलाबा किल्ला आणि संध्याकाळी परत. डोंगर आणि समुद्र एकाच दिवशी मनसोक्त भेटावेत, तर मला हीच वाट आवडते.

पूर्वी मी बूट घालून जायचे. डोंगरावर बूट छानच, पण किल्ल्याकडे जाताना ते काढून हातात धरावे लागत. ओहोटीला उघडा पडणारा तो पट्टा नुसत्या वाळूचा नाही. मध्ये खडक आहेत आणि खडकांना धारदार शिंपल्यांची कालवं चिकटलेली असतात. एकदा अंगठा असा कापला की किल्ल्यातल्या गणपतीच्या देवळापर्यंत लंगडत गेले. म्हणून पुढून बंद, पाणी लगेच सोडणारी आणि पकड असलेली सँडल शोधली. १,९०० रुपये पडले.

डोंगरावर जायला पायथ्याच्या मापगावातून सातशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत. नागोबाचा टप्पा, गायमांडी, देवाची पायरी असं करत चढताना सँडलने कधी त्रास दिला नाही. उतरताना मात्र पाय पुढे सरकतो आणि अंगठा टोकावर आदळतो. पहिल्या दोन खेपांना नख काळंनिळं झालं. "अगं, उतरायच्या आधी घोट्याचा पट्टा आवळून घे," असं बाबांनी सुचवलं, आणि तेव्हापासून नख शाबूत आहे. आश्विनात सावलीतल्या पायऱ्यांवर ओलं शेवाळ होतं. त्यावर हिचा तळ घसरतो, तिथे एकेक पाऊल रोवूनच उतरावं.

आता समुद्राचं. ही सहल घड्याळावर नाही, तिथीवर ठरते. एका नाववाल्या काकांनी सांगितलं, "ताई, तिथीला पाऊणनं गुणा, त्या वाजता भरती." पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणजे अडीचच्या आसपास ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे हटतं, पण दिवसाची ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला; तोवर परतीची लाँच सुटायची वेळ होते. त्यामुळे मी एकादशी ते त्रयोदशी यांतलाच दिवस धरते. तरीही किनाऱ्यावर विचारल्याशिवाय पाण्यात उतरत नाही आणि पाणी चढायच्या आत किल्ल्यातून निघते.

पाण्यातून चालताना ही सँडल जिंकते. भोकांतून पाणी आलं तसं निघून जातं, पाय जड होत नाही. किल्ल्याच्या तटाशी पोचलं की मी दर वेळी थांबते. प्रचंड चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केलेलं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालेलं हे काम, आणि अजून रोज दोन भरत्या झेलतंय! खाऱ्या पाण्याच्या मधोमध आत गोड्या पाण्याचं तळं आहे. ते बघताना माझं मन भरून येतं.

टिकाऊपणाबद्दल तक्रार आहे. चौथ्या महिन्यात वेल्क्रोत वाळू भरून तो सुटू लागला. जुन्या टूथब्रशने घासला की पुन्हा धरतो. पाचव्या महिन्यात पुढच्या टोकाचा गोंद सुटला. कंपनीला कळवलं, तर खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान हमीत बसत नाही असं उत्तर आलं. मला ते पटलं नाही, पाण्यात चालायची म्हणून विकलेली वस्तू आहे ही. शेवटी कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी ८० रुपयांत शिवून दिली, ती शिवण अजून घट्ट आहे. घरी आल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावी लागते. एकदा पिशवीत दोन दिवस राहिली, तर पट्टे मिठाने कडक झाले.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात, म्हणून यंदाची शेवटची खेप परवाच झाली. बाबांसाठी नऊ नंबरचा जोड घेतलाय. पुढची टोकं चांभारकाकांकडून आधीच शिवून घेतली.