पैशाचं सोंग सोडून सगळी सोंगं: 'कॉस्च्युम क्वेस्ट'

काल्यातला, म्हणजे गोव्याकडच्या लोकनाट्यातला, संकासुर अंगणात उतरला की पोरं किंचाळत आईच्या पदराआड लपतात आणि मिनिटभरात त्याच्याच मागून धावू लागतात. 'कॉस्च्युम क्वेस्ट'मधली भुतंखेतं त्या जातीची आहेत. डबल फाइन या अमेरिकी स्टुडिओने हा रोल-प्लेइंग गेम ऑक्टोबर २०१० मध्ये काढला, वर्षभराने तो पीसीवर आला. त्याची सूत्रं होती पूर्वी पिक्सारमध्ये ॲनिमेटर असलेल्या ताशा हॅरिस यांच्याकडे. रेन आणि रेनॉल्ड ही जुळी भावंडं हॅलोविनच्या रात्री वेश करून दारोदार गोळ्या मागायला बाहेर पडतात. त्यातलं एक आपण निवडायचं. दुसऱ्याने कँडी कॉर्नचा, म्हणजे तिरंगी गोड गोळीचा, वेश घातलेला असतो आणि एक राक्षस त्याला खरीच गोळी समजून उचलून नेतो. कथा एवढीच, आणि ती पुरते.

गोव्यातल्या मुलांना हॅलोविन समजावत बसावं लागत नाही. शिगम्याचा मेळ घरोघर फिरतो, इंत्रुजात, म्हणजे कार्निव्हलात, मुखवटे निघतात, नरकासुराच्या वर्गणीसाठी पोरं रस्त्यात आडवी येतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती, म्हणजे पहाटे नरकासुर जळले आणि त्याच रात्री हॅलोविन. फरक एवढाच की गेममध्ये दार उघडल्यावर समोर कोण येईल याचा नेम नाही. घरातलं मोठं माणूस आलं तर मूठभर गोळ्या, राक्षस आला तर लढाई. एका भागातली सगळी दारं ठोठावून झाल्याशिवाय पुढची वाट उघडत नाही. भाग तीन: ऑबर्न पाइन्स ही वसाहत, ऑटम हेवन हा मॉल आणि फॉल व्हॅली हे जत्रेचं गाव. कुठे अडलात तर बहुतेक वेळा एखादं दार राहून गेलेलं असतं.

गेमचा खरा जीव वेशांत आहे. वेशाचा नमुना आधी मिळवायचा, मग त्याचं सामान शोधायचं, तेव्हा वेश तयार होतो. फिरताना तो पुठ्ठ्याचा आणि चिंध्यांचाच असतो. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेसाठी आदल्या रात्री डिंकाने चिकटवलेला असतो, अगदी तसा. लढाई सुरू झाली की तोच पुठ्ठा खरा होतो. खोक्याचा रोबो इमारतीएवढा उभा राहून क्षेपणास्त्रं सोडतो. फ्रेंच फ्राइजच्या वेशातून कोळ्यासारख्या तंगड्यांचं जे काही बाहेर येतं, ते पाहण्यासाठी तरी तो वेश शिवाच. फिरतानाही वेश कामाला येतात. रोबोची चाकं उतारावरून उडी मारायला, सरदाराची ढाल वरून पडणाऱ्या वस्तू अडवायला, अंतराळवीराची तलवार अंधारात उजेडाला, निन्जा पहारेकऱ्यांच्या नजरेआड सटकायला. फ्राइजच्या वासाने माणसं मागोमाग येतात.

नवखे इथेच फसतात. अंगावर जो वेश, तोच लढाईत. अंधाऱ्या जागेसाठी चढवलेला वेश तसाच ठेवून पुढचं दार वाजवलं की नको ते सोंग घेऊन लढावं लागतं. म्हणून दारापाशी थांबून तिघांचे वेश आधी बघून घ्या. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा गटात कायम ठेवावा, कारण तो सगळ्यांची ताकद भरून काढतो. समोर गर्दी असेल तर रोबो, आणि तिसरी जागा आवडीच्या वेशाला. सुरुवातीला एकट्याने लढावं लागतं, नंतर एव्हरेट आणि लूसी हे दोन सवंगडी येऊन मिळतात.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. इथे पैसा म्हणजे गोळ्या. बादलीने कचऱ्याचे डबे, टपालपेट्या, पानांचे ढीग बडवत चला, प्रत्येकातून काही ना काही पडतं. गोळ्या साठवत बसण्यात मात्र अर्थ नाही. त्यांतून 'बॅटल स्टॅम्प' घ्यायचे. कशाने ताकद वाढते, कशाने शत्रू सुन्न होतो, कशाने उलटा वार बसतो. उलट्या वाराचा आणि ताकदीचा स्टॅम्प आधी घेतलात तर मॉलमधल्या लढाया सोप्या जातात.

आता दुखणं. लढाई पाळीपाळीने होते. वार करताना आणि झेलतानाही पडद्यावर दिसलेलं बटण वेळेत दाबायचं, दोन-तीन पाळ्यांनी खास वार तयार होतो. लढाई संपली की ताकद आपोआप पूर्ण भरते, म्हणून औषधं जपणं किंवा जपून खेळणं असा प्रकार नाहीच. पहिल्या भागात हे झकास वाटतं. मॉलच्या मध्यावर तीच ॲनिमेशन विसाव्यांदा बघताना हात आपोआप चालतात आणि डोळे दुसरीकडे जातात. सगळा गेम पाच-सहा तासांचा आहे. एका बैठकीत संपवू नका, दिवसाला एक भाग पुरे. कीबोर्डपेक्षा कंट्रोलर बरा.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. पात्रं बोलत नाहीत, सगळे संवाद इंग्रजीत लिहिलेले येतात आणि विनोद त्यांतच आहे. मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेत जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला एकटं बसवलं तर ते फक्त बटणं दाबेल. शेजारी बसून वाचून दाखवणारा कुणी मोठा हवा. त्यालाही कंटाळा येणार नाही, राक्षसांच्या तोंडचं लिखाण तेवढं चांगलं आहे.

पीसी आवृत्तीत 'ग्रबिन्स ऑन आइस' हा जोडभाग आधीपासूनच आहे, तेव्हा तीच घ्या. २०१४ साली दुसरा भाग आला. त्यात लढाईनंतर ताकद आपोआप भरत नाही, पाण्याच्या नळापाशी जावं लागतं, त्यामुळे लढाया जरा विचाराने खेळाव्या लागतात. त्या भागात कँडी कॉर्नचा वेशही घालता येतो. लढाईत तो काहीही करत नाही, नुसता उभा राहतो.