वाय क्रोमोसोम मायक्रोडिलिशन टेस्ट: पाचपैकी चार, एक गुण कापला तो रिपोर्टसाठी

वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील किंवा मिलिलिटरला ५० लाखांहून कमी असतील, तर वाय क्रोमोसोमचे छोटे तुकडे गहाळ (डिलिशन) आहेत का हे पाहणारी ही टेस्ट टेसेची (वृषणातून शुक्राणू काढायच्या शस्त्रक्रियेची) तारीख घेण्याआधी करून घ्यावी. तिच्यामुळे काहींची निष्फळ शस्त्रक्रिया टळते, म्हणून आमच्या मते हा खर्च नक्कीच सार्थकी लागतो.

रक्त २-३ मिली, जांभळ्या टोपीच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. उपाशी राहायची गरज नाही. सोबत कॅरिओटाइप (सगळ्या क्रोमोसोमची संख्या आणि रचना पाहणारी तपासणी) असेल, तर त्यासाठी हिरव्या टोपीची हेपरिन ट्यूब वेगळी. अदलाबदल झाली की घोटाळा ठरलेला: हेपरिनने पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, हिच्यावरच ही टेस्ट चालते) अडतो.

गुण कापला तो एका ओळीच्या रिपोर्टसाठी. नुसतं 'डिलिशन आढळलं नाही' एवढंच छापलं असेल, तर मार्कर्सची (तपासलेल्या ठरावीक डीएनए खुणांची) यादी मागून घ्या. वायवरच्या, शुक्राणू घडायला लागणाऱ्या एझेडएफ पट्ट्याचे ए, बी, सी असे भाग असतात: ए भागासाठी एसवाय ८४ आणि ८६, बीसाठी १२७ आणि १३४, सीसाठी २५४ आणि २५५, शिवाय कंट्रोल (टेस्ट नीट चालली का याची खात्री) म्हणून एसआरवाय आणि झेडएफएक्स/झेडएफवाय, एवढं तरी हवंच. जोडीतला एकच मार्कर गायब दिसला, तर टेस्ट पुन्हा करायला सांगा. खरं डिलिशन सहसा दोन्ही घेऊन जातं, एकटा गेला तर बहुधा पीसीआरच फसलेला असतो.

आता निकालाचा अर्थ. एझेडएफए पूर्ण गेला, तर वृषणाच्या नलिकांत फक्त सर्टोली (शुक्राणूंना आधार देणाऱ्या) पेशी उरतात. शुक्राणू घडवणाऱ्या स्टेम पेशीच नाहीत, मग सुईने किंवा चीर देऊन शोधायचं काय? एझेडएफबी गेला तर स्टेम पेशी असतात, पण घडण मध्येच थांबते. दोन्हींत टेसे करू नये, हे रुग्णाला स्पष्ट सांगायलाच हवं. एझेडएफसीचं वेगळं: साधारण निम्म्या पुरुषांत टेसेत शुक्राणू मिळतात. वीर्यात थोडे दिसत असतील तर लगेच फ्रीझ करावेत, कारण ते वर्षागणिक घटू शकतात. इक्सीने (शुक्राणू थेट बीजांडात टोचून) मुलगा झाला तर हेच डिलिशन त्याच्याकडे जातं, म्हणून आधी जेनेटिक समुपदेशन घ्या. सी गेलेला असेल, तर एसवाय १६०ही तपासलेला हवा. तोही नसेल, तर वायचं टोकच तुटलेलं असू शकतं आणि कॅरिओटाइप टाळून चालत नाही.

नॉर्मल निकालाने क्लाइनफेल्टर (४७,एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स जास्त) वगळला जात नाही, एक्सवरच्या टेक्स११ जनुकातला दोषही नाही. आणि तपासताना शुक्रवाहिनी हाताला लागत नसेल, तर सीएफटीआर (सिस्टिक फायब्रोसिसशी जोडलेला जीन) दोघांचाही तपासा, नवऱ्याचा आणि बायकोचा.