रिसेप्शनला गाऊन, शिवलेली साडी की आईची पैठणी?

मागच्या महिन्यात चोपड्याहून एक मुलगी आई आणि आजीला घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानात आली. लग्न मे महिन्यात, रिसेप्शन संध्याकाळी उघड्या लॉन्सवर. फोनमध्ये चाळीसेक फोटो जमवलेले: न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याच्या पायऱ्या, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाचा लाल गालिचा, आलिया, दीपिका, ऐश्वर्या. एका गाऊनच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, असाच पाहिजे. मागे एवढीच लांब ट्रेल." ट्रेल म्हणजे मागे जमिनीवर लोळणारा घोळ. आजीने फोन हातात घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "हाई घालीसन तू पाया कशी पडशी वं?"

जळगावात मी २१ वर्षं ब्लाऊज, घागरे आणि आता गाऊनही शिवते. आजीने विचारलं तोच प्रश्न मी प्रत्येक नवरीला पहिल्यांदा विचारते. आपल्याकडे रिसेप्शनची नवरी स्टेजवर तीन-साडेतीन तास उभी असते. त्या वेळात ती शंभर वेळा तरी वाकते, कुणाचं लेकरू कडेवर घेते, हार घालायला हात वर करते आणि शेवटी मांडी घालून किंवा टेबलाशी बसून जेवते. फोटोतला कपडा यातल्या कशासाठीच शिवलेला नसतो. तो गाडीतून उतरून कॅमेऱ्यांसमोरून आत जाईपर्यंतच्या वेळेसाठी असतो, आणि दोन माणसं मागून घेर सावरत असतात.

२०२४ च्या मेट गालाला टायला ही दक्षिण आफ्रिकेची गायिका वाळूचा वाटावा असा अंगाला चिकटून बसणारा पोशाख घालून आली होती. फोटो इतके सुंदर की माझ्याकडे तीन मुलींनी ते दाखवले. पण त्या पोशाखात तिला पायऱ्या चढता येत नव्हत्या, माणसांनी तिला उचलून वर नेलं. पुढे डिझायनरने स्वतः कात्री घेऊन खालचा भाग कापला, तेव्हा ती मोकळी चालू लागली. कान महोत्सवाने तर मे २०२५ मध्ये नियमच काढला: येण्याजाण्याला आणि थिएटरात बसायला अडचण होईल असे मोठ्या घेराचे, लांब ट्रेलचे कपडे चालणार नाहीत. म्हणजे ज्या गालिच्यावरून ट्रेलची आवड आपल्याकडे आली, तिथेच ती अडचणीची ठरली.

तरीही गाऊन मला आवडतो, हे मनापासून सांगते. नीट बसलेला गाऊन घातला की मुलीची मान आपोआप ताठ होते. अडचण आपल्या जागेची आणि हवेची आहे. फुगीर गाऊनला आत कॅनकॅनचे, म्हणजे कडक जाळीचे थर, त्यावर सॅटीनचं अस्तर, वर नेट आणि वरच्या भागात आकार धरायला बोनिंग, म्हणजे कडक पट्ट्या लागतात. ट्रेलसकट कापड सहज बारा-चौदा मीटर जातं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि सूर्य मावळला तरी जमीन वाफ सोडत राहते. सॅटीन आणि कॅनकॅन दोन्ही बहुतेक कृत्रिम धाग्याचे, घाम शोषून घेत नाहीत. तासाभरात कंबरेपाशी पट्टा ओला होतो आणि बोनिंग टोचायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातचा एक गाऊन बिघडला, त्याची हळहळ अजून जात नाही. लॉन्सवर दुपारी पाणी मारलेलं होतं. नवरी गेटपासून स्टेजपर्यंत चालत आली तोवर नेटच्या ट्रेलमध्ये गवत, कुसळं आणि ओली माती अडकली. स्टेजवरच्या गालिच्याला ठोकलेला एक खिळा वर आलेला होता, त्यात नेट गुंतलं आणि ती वळताच टर्रकन फाटलं. करवल्यांनी सेफ्टी पिना लावून वेळ निभावली. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की लॉन्ससाठी शिवलेली ट्रेल कायमची जोडून द्यायची नाही. आता कंबरेला आतून पट्टी आणि सहा-आठ हूक घेते. एण्ट्रीला ट्रेल लावायची, फोटो झाले की काढून बहिणीच्या हातात द्यायची.

तुमचं लग्न डिसेंबर-जानेवारीत असेल, हॉल बंदिस्त असेल आणि सोबत ट्रेल सांभाळणारी एखादी शांत डोक्याची बहीण असेल, तर गाऊन बिनधास्त घ्या. उंचीचं माप त्या दिवशी घालायच्या सँडलवरच द्या, चपलेवर दिलेलं माप दोन इंच चुकतं. भाड्याने घेणार असाल तर तीन गोष्टी बघा: काखेतला घामाचा डाग, चेनच्या तळाशी उसवण आणि आत किती मार्जिन, म्हणजे शिवणीत दाबलेलं जादा कापड शिल्लक आहे. दीड इंच दाबलेलं असेल तरच तो तुमच्या अंगाला बसवता येईल. आणि सोन्याचा विचार आधीच करा. जळगावच्या सराफ बाजारातून सासूबाईंनी हौसेने आणलेली पोत आणि पाटल्या गाऊनवर बसत नाहीत. ऐन वेळी "घाल गं, बाईमाणसं बघतील" असं झालं की गाऊनही जातो आणि दागिनाही.

दुसरा पर्याय शिवलेली साडी, म्हणजे कंबरेला चेन, निऱ्या आधीच टाचलेल्या आणि पदर तयार. २०२२ मध्ये दीपिका पदुकोण कानच्या ज्यूरीवर होती. उद्घाटनाला ती डिझायनर सब्यसाचीच्या काळ्या-सोनेरी पट्ट्यांच्या साडीत आली आणि समारोपाला अबू जानी-संदीप खोसला यांच्या पांढऱ्या झालरीच्या साडीत, गळ्यात मोत्यांचा रुंद पट्टा. त्यानंतर झालरीच्या साड्यांना आपल्याकडे नुसती रीघ लागली होती. दहा मिनिटांत नेसून होते, निरी सुटायची भीती नाही, वाकता येतं, जेवता येतं. साडी नेसायची सवय नसलेल्या मुलींना मी हाच पर्याय आधी सुचवते.

पण फोटो बघून कापड घ्यायला सुरतेला जाणार असाल तर थोडं थांबा. आपल्याकडे नंदुरबार-धुळ्याकडची निम्मी घरं बस्त्याला सुरतच गाठतात, गाडी सोयीची आहे आणि कापड खरंच स्वस्त पडतं. २०२४ मध्ये आलिया भट मेट गालाला पुदिना रंगाच्या सब्यसाचीच्या साडीत आली, मागे २३ फुटांचा घोळ. त्या साडीवर १६३ कारागिरांनी १९०० हून अधिक तास हाताने काम केलं होतं. बाजारात "आलियावाली" म्हणून मिळते ती मशीनच्या भरतकामाची. तिचा धागा मागच्या बाजूने हाताला काट्यासारखा लागतो, पोटावर आणि काखेखाली लाल पुरळ उठतं. दुकानात साडी उलटी करून हाताच्या आतल्या बाजूवर घासून बघा, तिथेच कळेल. रंगाचंही तसंच. पुदिना किंवा फिकट पिस्ता दिवसाउजेडी गोड दिसतो, पण लॉन्सच्या पिवळ्या फ्लडलाइटखाली तो मळकट पांढरा होतो. मी गिऱ्हाईकाला कापड घेऊन बाहेर उन्हात नेते, मग आत पिवळ्या बल्बखाली धरते. दोन्हीकडे आवडलं तरच कात्री लावते. खानदेशच्या रात्रीच्या लग्नाला राणी, वांगी, मोरपिशी, गडद हिरवा हे रंग बल्बखाली टिकतात.

शिवलेल्या साडीचा एक तोटा दुकानदार सांगत नाही. ती एकाच कंबरेची असते. वर्षभराने बारशाला काढली की चेन लागत नाही. म्हणून शिवतानाच कंबरेला हुकांच्या दोन रांगा आणि आत मार्जिन मागून घ्या.

आता तिसरा पर्याय, जो माझ्याकडे येणाऱ्या मुली सगळ्यात शेवटी बोलतात: आईची पैठणी. २०२४ मध्ये अभिनेत्री छाया कदम कान महोत्सवाला गेल्या. दिग्दर्शिका पायल कपाडियांच्या ज्या चित्रपटात त्यांनी काम केलं, त्याला तिथलं ग्रां प्री हे मोठं पारितोषिक मिळालं. तिथे त्यांनी दिवंगत आईची साडी नेसली आणि आईचीच नथ घातली. आईला विमानात बसवायचं राहून गेलं, म्हणून तिची साडी-नथ तरी विमानाने नेली, असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून माझ्या दुकानातल्या चारही बाया काम थांबवून गप्प बसल्या होत्या. जगभरचे डिझायनर जिथे कपडे पाठवायला धडपडतात, तिथे घरच्या पेटीतली साडी तितक्याच मानाने उभी राहिली. ऐश्वर्या रायचंही बघा. २००२ मध्ये नीता लुल्लाने केलेली पिवळी साडी आणि भरगच्च सोनं घालून ती कानला आली. मधली वर्षं बहुतेक गाऊनची गेली. आणि २०२५ मध्ये पुन्हा मनीष मल्होत्राची हस्तिदंती बनारसी, भांगात ठळक सिंदूर. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी तोच फोटो होता.

पैठणी निवडलीत तर मेहनत ब्लाऊजवर करा. जुन्या फोटोसारखी दिसायची नसेल तर सगळी जादू तिथेच आहे. मागे खोल गळा आणि दोरी हे आता सगळ्यांचंच झालं, त्यापेक्षा कोपरापर्यंत सरळ बाही, पुढे बंद गळा आणि साडीच्या काठाच्या विरुद्ध रंग घेऊन बघा. उभ्या शिवणींचा प्रिन्सेस कट घेतला तर ब्लाऊज अंगावर चुरगळत नाही. अस्तर सुतीच घ्या, काखेत घाम टिपणारी पट्टी टाकायला सांगा. हात वर करून हार घालता येतो का ते ट्रायललाच बघा, कारण मित्र नवरदेवाला हमखास उचलून धरतात आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो भाग, घट्ट असेल तर तिथेच उसवतो.

साडी मात्र महिनाभर आधी पेटीतून काढा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवर कातरतं. पदर प्रकाशासमोर धरा, घडीच्या रेषेत बारीक भोकं दिसली तर तो भाग निऱ्यांमध्ये आत जाईल अशी नेसण ठरवता येते. इस्त्री वरून मलमलचं कापड टाकूनच फिरवा. आणि कितीही मोह झाला तरी जुनी पैठणी कापून तिचा गाऊन शिवू नका. गेल्या वर्षी एका आईने माझ्यापुढे तशी साडी ठेवली, मी हात जोडून परत दिली. मनमाडला उतरून तासाभरात येवला येतं, गाऊनसाठी पैठणीच हवी असेल तर नवं कापड तिथून आणता येतं. आईने लग्नात नेसलेली साडी दुसरी मिळत नाही.

रेशमाला गरम होतं, हा आक्षेप खरा आहे. पण एक थर रेशमाचा आणि एक सुती परकर, एवढंच अंगावर असतं. गाऊनच्या पाच थरांपुढे मला तो सोसणारा वाटतो. शिवाय सोनं, नथ, हिरवा चुडा, आजीची पोत, सगळं सामावून घेणारा कपडा हा एकच.

नवरदेवांसाठी दोन ओळी. २०२५ च्या मेट गालाला शाहरुख खान सब्यसाचीच्या जमिनीपर्यंतच्या काळ्या लोकरी कोटात होता. आपल्या मे महिन्यात तो नको. त्याच रात्री पंजाबी गायक दिलजित दोसांझ फेटा आणि शेरवानीत आला, पाठीवर पंजाबचा नकाशा आणि गुरुमुखी अक्षरं भरलेली. त्याच्याकडून घ्यायचं ते हे की आपल्या मातीची एक खूण अंगावर असू द्यावी. हलक्या रंगाची सुती-रेशमी शेरवानी आणि डोक्यावर आपला फेटा पुरे.

चोपड्याच्या त्या मुलीने मागच्या रविवारी आईची पैठणी आणली, वांगी रंगाची, नारळी काठाची. घडी उलगडली तर डांबरगोळ्यांचा वास दुकानभर पसरला. पदरावर एका ठिकाणी हळदीचा जुना डाग आहे, आईला तो कसा पडला तेही आठवतं. ट्रेलची हौस तिच्या मनातून गेलेली नाही, म्हणून खांद्यावर हुकाने लागणारी पातळ नेटची ओढणी शिवते आहे, मागे पाच फूट, एण्ट्रीपुरती. मुंढ्याची पहिली ट्रायल झाली. ती आरशासमोर उभी राहिली, मग वळून आजीच्या पाया पडली. आजीने तिला उठवायच्या आधी ब्लाऊजची मागची शिवण हाताने चाचपली आणि मला म्हणाली, "बाही अर्धा इंच ढिली कर वं माय." दुसरी ट्रायल आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर आहे.