क्रूझचा बुकिंग नंबर खरा, तरी पैसे बुडाले

क्रूझच्या बुकिंगमध्ये कुटुंबं फसतात तेव्हा बुकिंग नंबर बहुतेक वेळा बनावट असेल असं आपण धरून चालतो. पण सगळ्यात बेमालूम फसवणुकीत तो अगदी खरा असतो.

एजंट क्रूझ कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावाने केबिन नुसती धरून ठेवतो. याला होल्ड किंवा ऑप्शन म्हणतात. त्यासाठी सहसा काहीच भरावं लागत नाही. तरीही नंबर मिळतो, केबिन क्रमांक मिळतो, कुटुंबातल्या चौघांची नावं असलेला कागद निघतो. तो बघून लोक निर्धास्त होतात आणि पूर्ण रक्कम एजंटच्या खात्यात टाकतात. मुदतीत कंपनीकडे डिपॉझिट पोचलं नाही की सिस्टीम केबिन आपोआप सोडून देते. ही मुदत काही तासांची, फार तर काही दिवसांची. एजंटने दिलेला कागद मात्र तसाच राहतो, आणि सुट्टी तोंडावर आल्यावर चेक-इन करायला गेलं की बुकिंग सापडत नाही.

म्हणून कंपनीला स्वतः फोन करा, तोही एजंटने दिलेल्या नंबरवर नव्हे. ‘बुकिंग आहे का’ एवढंच विचारू नका. डिपॉझिट किती जमा झालं, कोणत्या तारखेला, बाकी किती आणि शेवटचा भरणा कधीपर्यंत, हे विचारा. पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. स्टेटमेंटवर क्रूझ कंपनीचं नाव आलं तर उत्तम. एजन्सीचं आलं तर पैसे अजून तिच्याच हातात असू शकतात.

आमिष असतं ते भाड्याचं. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही दोघांनी एक केबिन घेतली तर. ‘मुलं फुकट’ म्हणजे फक्त मुलांचं भाडं माफ. बंदर शुल्क, कर आणि बहुतेक कंपन्यांत टिपसुद्धा (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी रोज आकारली जाणारी रक्कम) मुलांनाही लागते. टिप रोज माणशी 18 डॉलर धरली तर चौघांचे 7 रात्रींचे 504 डॉलर होतात. कोटेशनमध्ये भाडं, कर-शुल्क आणि टिप वेगवेगळं लिहून मागा. जो एजंट एकच गोल आकडा देतो, त्याच्याकडे बुकिंग करूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘आत्ता दोघांचं करून ठेवा, मुलांची नावं नंतर घालू’ हेही ऐकू नका. केबिनमध्ये चार बिछाने असले तरी जहाजाच्या त्या भागाला नेमून दिलेल्या लाइफबोटींतल्या जागा भरल्या की कंपनी तिसरं नाव घेत नाही. मग दुसरी केबिन पूर्ण भाड्याने घ्यावी लागते. पहिल्या दिवसापासून चौघांची नावं बुकिंगवर हवीत.

बुकिंग रद्द केल्यावर एजंट ‘काहीच परत मिळत नाही’ म्हणाला तर कंपनीचं रद्दीकरणाचं इनव्हॉइस मागा. डिपॉझिट बुडू शकतं. पण प्रवासच झाला नाही तर सरकारी कर आणि बंदर शुल्क साधारणपणे परत येतं. मधल्यामधे एजंटच्या खिशात जाते ती हीच रक्कम.

संशय आला तर आधी कंपनीला फोन करून केबिन अजून धरलेली आहे का आणि ती वाचवता येईल का ते विचारा. मग त्याच दिवशी बँकेत कार्डाच्या व्यवहारावर लेखी तक्रार द्या. एजंट ‘दोन दिवस थांबा’ म्हणेल. त्याच दोन दिवसांत होल्ड संपतो.